विश्लेषण : ‘हमखास’ वाघाचे आमिष, छायाचित्रण कार्यशाळेला पैसे भरण्याआधी काय विचारावे?

उन्हाळा तोंडावर आला की मोबाइलवर वन्यजीव छायाचित्रण कार्यशाळांच्या जाहिराती दिसू लागतात. ‘तीन रात्री, सहा सफारी, अनुभवी छायाचित्रकाराचे मार्गदर्शन’ हा मजकूर जवळपास ठरलेला. सोबत पाणवठ्यात बसलेल्या वाघाचा फोटो आणि अनेकदा एक ठळक शब्द, ‘हमखास’. नुकताच कॅमेरा घेतलेल्या नोकरदारासाठी हा खर्च किरकोळ नसतो. कार्यशाळेचे शुल्क, प्रवास आणि भाड्याची लेन्स असा हिशेब केला तर एका सहलीत मोठी रक्कम जाते. त्यामुळे आपण नेमके काय विकत घेत आहोत, हे आधी समजून घ्यायला हवे. जंगलातला वाघ कोणी विकू शकत नाही. विकता येते ते शिक्षण. हा फरक ज्या आयोजकाला मान्य नाही, त्याच्याकडे पैसे न भरलेलेच बरे.

‘हमखास’ या शब्दात अडचण काय?

अनुभवी आयोजकामुळे वाघ दिसण्याची शक्यता वाढते, हे खरे आहे. एप्रिल-मेमध्ये विदर्भातील जंगलात पाणी मोजक्याच ठिकाणी उरते, पानगळीमुळे दूरवरचे दिसते आणि प्राणी पाणवठ्यावर येतात. कोणत्या काळात जावे, कोणते प्रवेशद्वार निवडावे, किती सफारी घ्याव्यात, याचे गणित जाणकाराला माहीत असते. मात्र शक्यता वाढवणे वेगळे आणि हमी देणे वेगळे. हमी दिली की ती पूर्ण करण्याचे ओझे जिप्सीच्या चालकावर आणि गाइडवर येते.

हे दोघे बहुतेक वेळा जंगलालगतच्या गावांतले असतात. त्यांची कमाई फेरीवर अवलंबून असते आणि वाघ दिसला तर बक्षिसी वाढते. मागच्या सीटवरून ‘अजून थोडे पुढे घ्या’, ‘तोंड दिसत नाही, गाडी आडवी लावा’ असा आग्रह सुरू झाला की नाही म्हणणे त्यांना अवघड जाते. ज्या छायाचित्रकाराकडे लोक शिकायला आले आहेत तोच आग्रह करत असेल, तर आणखी अवघड.

उमरेडमध्ये काय घडले होते?

३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-पवनी-करांडला अभयारण्याच्या गोठणगाव परिसरात ‘एफ-२’ वाघीण आणि तिच्या बछड्यांची वाट सफारी वाहनांनी दोन्ही बाजूंनी अडवली. त्याची चित्रफीत समाजमाध्यमांवर पसरली. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने जानेवारी २०२५ मध्ये या प्रकाराची स्वतःहून दखल घेतली. गाइड आणि वाहनचालकांवर निलंबनाची कारवाई झाली.

हा प्रकार एखाद्या कार्यशाळेपुरता नाही. सफारी पर्यटनात फोटोसाठी जो दबाव तयार होतो, त्याचे हे टोक आहे. त्यातला एक भाग कार्यशाळेला जाणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात ठेवावा. फोटो पर्यटकाच्या मेमरी कार्डात जातो, पण रोजगार बुडतो तो गाइड आणि चालकाचा. बछड्यांसह निघालेल्या वाघिणीची वाट अडली, तर तिला मागे फिरावे लागते किंवा पिल्ले तिच्यापासून वेगळी पडू शकतात.

नियम काय सांगतात?

राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाने २०१२ मध्ये व्याघ्र प्रकल्पांतील पर्यटनासाठी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. प्राण्यापासून किमान २० मीटर अंतर, वाघ दिसल्यावर दोन वाहनांमध्ये किमान ५० मीटर अंतर, प्राण्याला घेरणे, आमिष दाखवणे किंवा खाऊ घालणे यावर बंदी, या त्यातील ठळक बाबी. गाडीतून उतरता येत नाही आणि परवानगीशिवाय ड्रोन उडवता येत नाही.

ताडोबात सफारीदरम्यान मोबाइल वापरण्यासही मनाई आहे. दर्शनाची खबर एका गाडीतून दुसरीकडे गेली की मिनिटांत गर्दी होते, हे त्यामागचे एक कारण. त्यामुळे ‘फोनवरही छान फोटो निघतात’ असे सांगून कोणी ताडोबाच्या कार्यशाळेसाठी पैसे घेत असेल, तर तिथेच सावध व्हावे. ताडोबाचे कोअर क्षेत्र मंगळवारी आणि १ जुलै ते ३० सप्टेंबर या काळात पर्यटनासाठी बंद असते. पावसाळ्यात बफरमधील काही प्रवेशद्वारे सुरू राहतात. कोअरचे क्षेत्र सुमारे ६२५ आणि बफरचे सुमारे ११०० चौरस किलोमीटर आहे. जाहिरातीत नुसते ‘ताडोबा’ असेल, तर सफारी कोणत्या प्रवेशद्वारातून आणि किती फेऱ्या कोअरच्या, हे लेखी मागावे. बफर कमी प्रतीचा असतो असे मुळीच नाही, तिथेही वाघ दिसतात. मात्र शुल्क आणि नियमांत फरक असल्याने ग्राहकाला ते आधी कळले पाहिजे.

मार्गदर्शक प्रत्यक्षात किती वेळ मिळतो?

जाहिरातीत मोठे नाव असते, पण ते नाव आपल्या गाडीत किती वेळ बसणार, हा हिशेब फार कमी जण करतात. समजा, १२ जणांची तुकडी आहे आणि एका जिप्सीत तिघे. म्हणजे चार गाड्या आणि मार्गदर्शक एक. सहा सफारींत तो आळीपाळीने बसला, तर प्रत्येक गाडीच्या वाट्याला दीड सफारी येते. एक फेरी सुमारे चार तासांची धरली तर २४ तासांपैकी सहाच तास मार्गदर्शक सोबत असतो. उरलेले १८ तास ही साधी सफारीच असते, फक्त महाग.

म्हणून खरे शिक्षण दुपारी मुक्कामाच्या ठिकाणी होते. सकाळची फेरी संपल्यावर आणि दुपारची सुरू होण्याआधी जो वेळ मिळतो, त्यात प्रत्येकाचे फोटो पडद्यावर लावून चर्चा होणार का? शटर स्पीड का चुकला, मान कापली गेली तर चौकट कशी धरायला हवी होती, हे कोणी सांगणार का? या सत्रांचे वेळापत्रक आधी मागावे. ‘तिकडे गेल्यावर बघू’ असे उत्तर आले, तर ती कार्यशाळा नसून सहल आहे. सहलीत गैर काही नाही, पण मग दरही सहलीचाच हवा.

मोठी लेन्स हवीच का?

अनेक नवशिके जाण्याआधी ६०० मिलिमीटरची लेन्स विकत किंवा भाड्याने घेतात. थोडे गणित मांडले तर दर वेळी तिची गरज नसते, हे दिसते. सेन्सरवर पडणाऱ्या प्रतिमेचा आकार ढोबळमानाने असा काढता येतो : लेन्सची फोकल लेंग्थ गुणिले प्राण्याची लांबी, भागिले अंतर. शेपूट सोडून १.८ मीटर लांबीचा वाघ २० मीटरवर आडवा उभा असेल, तर ४०० मिलिमीटरच्या लेन्सने त्याची प्रतिमा ३६ मिलिमीटर येते. फुल फ्रेम सेन्सरची रुंदीही ३६ मिलिमीटरच असते. म्हणजे चौकट काठोकाठ भरली, शेपटीलाही जागा नाही. क्रॉप सेन्सरच्या कॅमेऱ्यावर एवढेच काम २५० मिलिमीटरमध्ये होते.

हाच नियम पक्ष्याला लावला तर चित्र उलटे होते. १५ सेंटिमीटरचा खंड्या त्याच २० मीटरवर ४०० मिलिमीटरच्या लेन्सने जेमतेम तीन मिलिमीटर भरतो. म्हणजे लांब लेन्सची खरी गरज पक्ष्यांसाठी आहे. नियमातले अंतर पाळूनही वाघाचा चांगला फोटो साध्या झूम लेन्सने निघू शकतो. ‘जवळ गेल्याशिवाय फोटो येत नाही’ ही सबब इथेच संपते. ज्या कार्यशाळेत भाड्याच्या लेन्सचा आग्रह धरला जातो, तिथे ती कोणत्या प्राण्यासाठी लागणार आहे, असे जरूर विचारावे.

जाण्यापूर्वी काय शिकून घ्यावे?

कॅमेऱ्याची बटणे शिकण्याची जागा जंगल नव्हे. वाघ रस्ता ओलांडायला काही सेकंद घेतो, तेवढ्यात मेन्यू उघडून सेटिंग शोधता येत नाही. घराजवळचे कावळे, कबुतरे, पळणारी कुत्री यांच्यावर महिनाभर सराव केला तर डोळ्यांवर फोकस धरणे, सलग फोटो घेणे, कमी उजेडात आयएसओ वाढवणे हे हाताला बसते. पांढरा बगळा गडद पाण्यासमोर उभा असेल तर कॅमेरा फोटो गरजेपेक्षा उजळ करतो आणि पिसांचा पोत जातो. अशा वेळी एक्स्पोजर कमी करावे लागते. हे घरी कळले असेल, तर कार्यशाळेत पुढचे प्रश्न विचारता येतात.

जिप्सीत तिपाईला जागा नसते. रिकामी बीनबॅग न्यावी आणि मुक्कामी तांदूळ किंवा गहू भरून घ्यावी. धुळीसाठी कापड, जादा बॅटरी आणि उन्हासाठी टोपी-पाणी हवेच.

प्राण्याची माहितीही तेवढीच महत्त्वाची. चितळाचा इशारा, वानराचे खेकसणे, मोराचे एकदम ओरडणे याचा अर्थ गाइडला कळतो म्हणून तो गाडी थांबवतो. मारुती चितमपल्ली यांच्यासारख्या वनाधिकाऱ्याचे लेखन मराठीत आहे. जाण्याआधी त्यातले थोडे वाचले तरी जंगलात चार तास नुसती वाघाची वाट पाहण्यात जात नाहीत.

सुरुवातीलाच व्याघ्र प्रकल्पात जाण्याची गरजही नाही. पुण्यापासून सुमारे १०० किलोमीटरवर भिगवणजवळ उजनीच्या जलाशयात हिवाळ्यात रोहित पक्षी येतात. तिथे स्थानिक मच्छीमारांच्या नावेतून पाण्याच्या पातळीवरून फोटो काढता येतात. सुप्याजवळच्या मयूरेश्वर अभयारण्यात चिंकारा दिसतात. एका दिवसाच्या अशा कार्यशाळेत मार्गदर्शकाची शिकवण्याची पद्धत कळते. ती पटली तर मोठी रक्कम भरावी.

कोणता फोटो काढू नये?

मुंबई-पुण्याभोवती पावसाळ्यात घरट्यांच्या फोटोंचे मोठे आकर्षण असते. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ मध्ये ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येत वन्य पक्ष्यांची अंडी किंवा घरटी विस्कळीत करणेही येते. फोटोसाठी घरट्यासमोरच्या फांद्या बाजूला केल्या तर पिल्ले उन्हाला आणि कावळ्यांना उघडी पडतात. नावेभोवती कुरव जमावेत म्हणून शेव-फरसाण टाकणे, घुबडाला उडवण्यासाठी टाळ्या वाजवणे, स्पीकरवर पक्ष्याचा आवाज लावणे हेही त्याच वाटेवरचे प्रकार आहेत.

अशा युक्त्यांनी फोटो मिळाला तरी टिकतोच असे नाही. ‘वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर’ या लंडनच्या स्पर्धेत २००९ च्या विजेत्या लांडग्याचा फोटो पुढच्या वर्षी बाद झाला. तो लांडगा माणसाळवलेला असल्याचा निष्कर्ष परीक्षकांनी काढला. २०१७ चा मुंगीखाऊचा विजेता फोटोही २०१८ मध्ये बाद ठरला, कारण त्यातला प्राणी पेंढा भरलेला असल्याचे तज्ज्ञांचे मत पडले. दोन्ही छायाचित्रकारांनी आरोप नाकारले, पण पुरस्कार गेले.

पैशांबाबत काय तपासावे?

शुल्कात काय धरले आहे, याची यादी लेखी घ्यावी. प्रवेश शुल्क, जिप्सी, गाइड, कॅमेऱ्याचे वेगळे शुल्क असल्यास ते, मुक्काम, जेवण आणि रेल्वे स्थानकापासूनची गाडी, यातले काय आत आणि काय बाहेर? सफारीचे आरक्षण पर्यटकाच्या नावाने होते आणि प्रवेशद्वारावर मूळ ओळखपत्र पाहिले जाते. त्यामुळे आपल्या नावाच्या आरक्षणाची प्रत आगाऊ मागणे गैर नाही. आरक्षण झालेले नसताना पूर्ण रक्कम मागितली जात असेल, तर थांबावे.

पावसामुळे किंवा प्रशासनाच्या निर्णयामुळे सफारी रद्द झाली तर परतावा किती? एका जिप्सीत तीन जण असतील की सहा? महिलांनी खोली कोणासोबत असेल आणि प्रवेशद्वारावर स्वच्छतागृह आहे का, हे निःसंकोच विचारावे. नोंदणी अर्जात आपले फोटो जाहिरातीसाठी वापरण्याची मुभा आयोजकाने घेतली आहे का, हेही वाचावे.

मग निवड कशी करावी?

मार्गदर्शकाच्या पेजवर सगळे वाघाचेच चेहरे आहेत, की चितळ, झाडे, धुके, पाणवठ्यावरची माश्यांची झुंबडही आहे, ते पाहावे. आधी जाऊन आलेल्या दोघा-तिघांशी बोलावे. ‘वाघ दिसला का?’ याऐवजी ‘वाघ दिसला नाही त्या सफारीत काय शिकवले?’ असे त्यांना विचारावे.

शेवटी आयोजकाला एक प्रश्न जरूर करावा : समोर वाघ आहे, चांगला कोन वीस फूट पुढे आहे आणि तिथे आधीच चार गाड्या आहेत, तर तुम्ही चालकाला काय सांगाल? ‘मागेच थांबायला सांगू’ असे सरळ उत्तर देणाऱ्याकडे कदाचित वाघाचा फोटो मिळणार नाही. पण फोटो काढायला नक्की शिकता येईल. शिवाय चालकाचा परवाना आणि वाघिणीची वाट, दोन्ही शाबूत राहतील.