अर्थिंग कोणाच्या खात्यात?

पेण-रोह्याच्या पट्ट्यातून, विशेषतः गागोदे बुद्रुकच्या आसपास शाळा-कार्यालयांचे संगणक सांभाळणाऱ्या वाचकांकडून, सध्या एकाच तऱ्हेची पत्रे येत आहेत. प्रोसेसर तापतो म्हणून स्टॉक कूलर काढून टॉवर कूलर बसवला. मशीन चालले आणि थोड्याच दिवसांत रॅमचा एक स्लॉट गेला, किंवा बोर्ड पोस्टच होईना. सेवा केंद्राने ‘हाताळणीतील दोष’ म्हणून वॉरंटी नाकारली आणि कार्यालयाने बिल अडवले.

काम केले त्या सॉकेटला अर्थिंग होते का, असे आम्ही उलट विचारले. उत्तर बहुतेकांचे एकच: तिसरे भोक आहे, आत वायर नाही.

मग ‘केबल लावलेली ठेवा, एसएमपीएसचे बटण बंद करा, कॅबिनेटला हात लावा’ हा नेहमीचा सल्ला तिथे उलटा पडतो. अर्थ नसेल तर एसएमपीएसच्या फिल्टरमधील कपॅसिटरमुळे कॅबिनेटवर जमिनीच्या तुलनेत मेन्सच्या निम्मा, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास, दाब तरंगत राहतो. हाताला मुंग्या येतात त्या त्याच्याच. अशा कॅबिनेटला रिस्ट स्ट्रॅपची क्लिप लावून उपयोग काय? माणसाला स्टॅटिकचा झटका जाणवतो तो साधारण ३,००० व्होल्टला. काही चिप मात्र १०० व्होल्टच्या आतही दुखावतात.

हे कार्यालयात सांगायला जावे, तर संगणक पुरवणारा विभाग म्हणतो, वायरिंग इमारतीचे. इमारत पाहणारे म्हणतात, संगणक आमच्याकडे नाहीत. शाळेला वाटते, निविदेत सगळे आलेच असेल. निविदेत प्रोसेसरची पिढी, रॅम, मॉनिटरचे इंच असे सगळे असते. अर्थ पिटची ओळ तेवढी नसते. हजारोंची यंत्रे पुरवायची, खड्डा, पाइप आणि वायर कोणाच्याच खात्यात नाही, आणि बोर्ड गेला की दोष तंत्रज्ञाचा! हे आता थांबले पाहिजे.

आपल्यातलेही काही जण कमी नाहीत. ‘कोकणच्या दमट हवेत कुठले स्टॅटिक?’ असे म्हणणाऱ्यांनी एसी लावलेल्या बंद खोलीत, प्लॅस्टिकच्या खुर्चीवर, टेरिकॉटचा शर्ट घालून काम करून पाहावे. त्याहून वाईट म्हणजे सॉकेटमध्येच न्यूट्रलवरून अर्थला जंपर टाकणारे. उद्या न्यूट्रल तुटला की सगळे कॅबिनेट फेजवर येते, आणि त्याला हात लावणारे मूल शाळेतले असते. असा जंपर दिसला तर काम तिथेच थांबवा.

अर्थ नाही अशा ठिकाणी केबल आधी काढा. पॉवरचे बटण दाबून उरलेला चार्ज उतरवा. स्ट्रॅपची क्लिप रंग नसलेल्या पत्र्याला लावा आणि नवा कूलर हातात घेण्याआधी त्या पत्र्याला टेकवा. तुम्ही, बोर्ड, कॅबिनेट आणि कूलर एकाच पातळीवर आले पाहिजेत. बोर्ड बाहेर काढलाच तर तो पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवा, थर्माकोलवर नको. एएम४चा जुना कूलर ओढू नका. आधी मशीन दहा मिनिटे चालवून पेस्ट मऊ करा, बंद करून केबल काढा, मग कूलर हळू पिळून सोडवा. नाहीतर १,३३१ पिनांचा प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो.

हा झाला तात्पुरता मार्ग. अर्थिंगला पर्याय नाही, आणि त्याची तपासणी मे महिन्यात व्हायला हवी. जुलैत खड्डा ओला असतो, रीडिंग छानच येते. खरा रोध कळतो तो माती सुकल्यावर.

गागोदे हे विनोबांचे जन्मगाव. गावाने आपले काम आपण उभे करावे, असे त्यांनी आयुष्यभर सांगितले. शाळेसाठी अर्थ पिटचा खड्डा गावकऱ्यांना खणता येईल. जोडणी आणि चाचणी परवानाधारक वायरमनकडून करून घ्या. आणि मित्रांनो, यापुढे कॅबिनेट उघडण्याआधी टेस्ट लॅम्प लावा, अर्थ नसेल तर जॉब शीटवर तसे लिहा, मुख्याध्यापकांची किंवा ग्रामपंचायत अधिकाऱ्यांची सही घ्या. त्या शीटची प्रत आमच्याकडे पाठवा. सगळ्या प्रती एकत्र करून आम्ही जिल्हा प्रशासनापुढे ठेवू. सहीचा कागद हातात असेल तर ‘हाताळणीतील दोष’ तुमच्या माथी मारणे कोणालाही सोपे जाणार नाही.