आधी टाकी रिकामी करा

उत्तर अमेरिकेत ऑक्टोबर लागला की कॅम्पर व्हॅनवाल्यांची एक ठरलेली लगबग सुरू होते. बिछाना, ओटा, बेसिन, शॉवर असे सगळे सामावणारे हे चाकांवरचे घर उन्हाळाभर हिंडवायचे आणि बर्फ पडायच्या आत त्याच्या पोटातले पाणी काढून ते अंगणात उभे करायचे. तिकडे अशी व्हॅन घेऊन सुट्टीत बाहेर पडणारी मराठी कुटुंबे आता नवलाची राहिलेली नाहीत. महाराष्ट्र सरकारनेही २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. त्यामुळे इथून निघालेली एखादी कॅरव्हॅन डिसेंबरात स्पितीला पोचली, तर तिच्यापुढेही तोच प्रश्न उभा राहणार: नळातले पाणी गोठले तर काय? वरकरणी हा प्लंबरचा प्रश्न वाटतो. पण पाणी गोठू नये म्हणून नळात जे ओतले जाते, त्यामुळे तो आरोग्याचाही होतो.

बहुतेक पदार्थ थंड होताना आकसतात. पाणी मात्र ४ अंश सेल्सियसपर्यंतच आकसते, त्याखाली पुन्हा प्रसरू लागते आणि बर्फ होताना सुमारे नऊ टक्के जास्त जागा मागते. जागा मिळाली नाही तर ते दाब निर्माण करते. पूर्णपणे बंदिस्त जागेत, उणे २२ अंशांना, हा दाब वातावरणाच्या दोन हजार पटींवर जाऊ शकतो. व्हॅनचा पंप जेमतेम तीन-चार वातावरणांच्या दाबाने पाणी ढकलतो, त्यामुळे तिचे पाइप आणि सांधे तेवढ्याच बेताचे असतात. आणखी एक गंमत अशी, की पाइप पुष्कळदा बर्फ धरलेल्या जागी फुटतच नाही. बर्फाचा बोळा आणि बंद नळ यांच्यामध्ये कोंडलेले पाणी दाबले जाते आणि त्या पट्ट्यातला सर्वांत कच्चा सांधा सुटतो. गळती कळते ती बर्फ वितळल्यावर, म्हणजे वसंतात.

घरापेक्षा व्हॅन आधी गोठते, कारण तिच्या भिंती पातळ असतात आणि पाइप पुष्कळदा तळाशी उघड्यावर असतात. वाऱ्यामुळे पाणी हवेच्या तापमानाखाली जात नाही, पण तिथवर लवकर पोचते. टाकीला गुंडाळलेले आवरणही फक्त वेळ वाढवून देते. गोधडीला स्वतःची ऊब नसते.

म्हणून पहिला आणि खरा उपाय एकच, पाणी काढणे. गीझर बंद करून पूर्ण निवू द्यावा. गरम आणि दाबाखालच्या गीझरचे बूच उघडून हात भाजून घेणारे दरवर्षी असतात. मग पिण्याच्या पाण्याची टाकी, सांडपाण्याची टाकी आणि सर्वांत खालच्या पातळीवरच्या निचऱ्याच्या तोट्या उघडायच्या. गरम आणि गार दोन्ही नळ उघडे ठेवायचे, म्हणजे हवा आत शिरून पाणी सुटते. पंप काही सेकंद कोरडा चालवायचा. बाहेरचा शॉवर आणि टॉयलेटकडे जाणारा पाइप हमखास विसरले जातात. पंपापाशी जाळीची छोटी वाटी असते, तिच्यात घोटभर पाणी राहते आणि तेवढेही ती फोडायला पुरते. काही जण कॉम्प्रेसरच्या हवेने पाइप फुंकून काढतात. तेही चालते, फक्त हवेचा दाब पंपाच्या दाबापेक्षा जास्त नको.

यानंतर तिकडे एक गुलाबी द्रव पाइपांमध्ये भरतात. गीझर वळणाच्या व्हॉल्व्हने बाजूला ठेवायचा, नाहीतर वीसेक लिटर द्रव त्यातच जातो. मग एकेका नळातून गुलाबी धार येईपर्यंत पंप चालवायचा आणि बेसिनखालच्या वाकड्या पाइपात कपभर ओतायचा. बाटलीवरचा उणे ५० हा आकडा फॅरनहाइटमधला असतो आणि तो पाइप फुटण्यापासूनच्या संरक्षणाचा असतो. द्रवाचा लगदा त्याच्या पुष्कळ आधीच होऊ लागतो. हा द्रव तयार मिश्रण असतो. पाइपात पाणी उरले असेल तर तो पातळ होतो आणि ऐनवेळी दगा देतो. म्हणजे द्रव वापरला तरी आधी पाणी काढायचेच.

आता मुख्य मुद्दा. गुलाबी द्रवात प्रोपिलीन ग्लायकोल असते, जे योग्य दर्जाचे असेल तर खाद्यपदार्थांतही चालते. मोटारीच्या रेडिएटरमधल्या कूलंटमध्ये बहुधा एथिलीन ग्लायकोल असते. नावात एका शब्दाचा फरक, शरीरात जमीन-अस्मानाचा. एथिलीन ग्लायकोल चवीला गोडसर लागते, त्यामुळे मुले आणि कुत्री ते सहज पितात. यकृतात त्याचे ग्लायकोलिक आणि पुढे ऑक्झॅलिक आम्ल होते, रक्त आम्लधर्मी होते आणि कॅल्शियम ऑक्झॅलेटचे स्फटिक साचून मूत्रपिंडे निकामी होतात. सुरुवातीला माणूस नुसता दारू प्यायल्यासारखा वाटतो, तिथेच मोलाचे तास जातात. उतारा आहे, पण तो वेळेत द्यावा लागतो. व्हॅनच्या नळात कूलंट ओतणे म्हणजे स्वयंपाकाच्या पाण्यात विष ठेवणे. ते नंतर कितीही धुतले तरी त्या पाइपांवर विश्वास ठेवू नये.

रंगावर तर मुळीच विसंबू नये. काही गाड्यांचे कूलंटही गुलाबीच असते. काही गुलाबी द्रवांत अल्कोहोल असते, जे ज्वालाग्राही असते आणि रबरी वायसर सुकवते. बाटलीवर घटकाचे नाव वाचायचे आणि पिण्याच्या पाण्याच्या पाइपांसाठी असा स्पष्ट उल्लेख नसेल तर ती परत ठेवायची.

आपल्याकडे हा इशारा अधिकच लागू आहे. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा भागात खोकल्याच्या औषधाने वीसहून अधिक मुलांचा बळी घेतला; त्यांतल्या अनेकांवर नागपुरात उपचार झाले होते. औषधात एथिलीन ग्लायकोलचे भावंड, डायएथिलीन ग्लायकोल, सापडले आणि तपासात बोट गेले ते औषधी दर्जाच्या नसलेल्या प्रोपिलीन ग्लायकोलकडे. पिंपावर नाव बरोबर असले तरी आतला माल त्या दर्जाचा असेलच असे नाही. त्यामुळे स्पितीला जाणाऱ्याने रासायनिक बाजारातून पाच लिटर प्रोपिलीन ग्लायकोल आणून टाकीत ओतू नये. पाणी काढावे आणि प्यायचे पाणी कॅनमध्ये भरून गाडीच्या उबदार भागात ठेवावे. लडाखमध्येही थंडीत पाइपांतले पाणी बंद करून बादलीवर काम चालवणारी गेस्टहाउस आहेतच. कॅरव्हॅन बांधून घेणाऱ्याने मात्र एक आग्रह धरावा: टाकीची निचऱ्याची तोटी खरोखर तळाशी हवी, चार बोटे वर नको.

पाइप गरम राहावेत म्हणून रात्रभर गॅसची शेगडी किंवा कोळशाची अंगीठी पेटवून झोपण्याचा मोह होतो. बंद व्हॅनमध्ये त्यातून कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि झोपलेल्याला जाग येत नाही. पाइप फुटला तर बदलता येतो.

थंडी सरली की द्रव भरलेला असो वा नसो, पाइप स्वच्छ पाण्याने धुवायचे, फेस आणि रंग जाईपर्यंत. नंतर साठलेल्या पाण्यातल्या जंतूंसाठी ५७ लिटर पाण्यात ६० मिलिलिटर बिनवासाचे घरगुती ब्लीच मिसळून ते सगळ्या नळांपर्यंत खेळवायचे आणि शक्यतो रात्रभर ठेवायचे. त्यात टॉयलेट क्लीनर किंवा दुसरे आम्ल चुकूनही मिसळू नये, क्लोरीन वायू सुटतो. सकाळी सगळे काढून टाकायचे आणि ब्लीचचा वास पुरता जाईपर्यंत दोन-तीनदा टाकी भरून सोडायची. एखादा सांधा रडत असेल तर तोही याच वेळी सापडतो.