कोटेशनवर प्रोसेसरचा पूर्ण नंबर लिहा

गिऱ्हाईक येते, बजेट सांगते आणि आपण पॅडवर लिहून देतो: 'आय५, ८ जीबी, २५६ एसएसडी'. आपल्या धंद्यात ही सवय घट्ट बसली आहे. कुठला आय५, कितव्या पिढीचा, नंबराच्या शेवटी कुठले अक्षर, यातले काहीच त्या कागदावर नसते. बिलिंगच्या मशीनला हे खपून जाते. जुन्या गेमसाठी कॉम्प्युटर मागणाऱ्याच्या हातात मात्र आपण अर्धी माहिती ठेवतो आणि पैसे पूर्ण घेतो.

हा विषय आताच घेण्याचे कारण नरसी नामदेवहून आलेले एक पत्र. पत्र लिहिणारे वाचक गावात सेवा केंद्र चालवतात. सातबारा, पीक विमा, दाखले, आषाढ वद्य एकादशीच्या परतवारीला फोटो प्रिंट, अशी त्यांची कामे. त्यांच्या एका गिऱ्हाइकाला पंधरा हजारांच्या आत मशीन हवे आहे. दिवसा ऑनलाइन फॉर्म आणि रात्री क्रिकेट ०७, एनएफएस मोस्ट वाँटेड, शिवाय प्लेस्टेशन २ वरचा गॉड ऑफ वॉर. हिंगोलीत चौकशी केली तेव्हा एका दुकानात 'आय७' सांगितला गेला. दुसरीकडे आठ कोअरचा झिऑन दाखवला. घ्यायचा कुठला, असा त्यांचा सवाल आहे.

अशी मागणी वाढत जाणार आहे. २००० च्या दशकाच्या सुरुवातीला एमएस-सीआयटी सुरू झाली आणि तालुक्या-तालुक्यात, पुढे गावोगावी कॉम्प्युटरच्या खोल्या उघडल्या. त्या खोल्यांत बसून ज्यांनी रोड रॅश आणि व्हाइस सिटी खेळले ती पिढी आज कमावती आहे, तिची मुले शाळेत आहेत. २००६ च्या क्रिकेट ०७ मध्ये आजही नवे संघ, नव्या जर्सी घालून पॅच तयार होतात आणि ते खेळले जातात. या गिऱ्हाइकाला नवा महागडा गेमिंग पीसी नको आहे आणि तो त्याच्या गळ्यात मारण्याचे काही कारणही नाही.

आता मूळ मुद्दा. त्या काळातल्या बहुतेक गेमचे मुख्य काम एकाच थ्रेडवर चालते. कीबोर्ड वाचणे, शत्रूची चाल ठरवणे, टकरीचे गणित करणे, ग्राफिक्स कार्डला काय काढायचे ते सांगणे, या पायऱ्या एकामागून एक येतात आणि पुढची पायरी मागचीवर अवलंबून असते. डायरेक्टएक्स ९ पर्यंत कार्डाला हुकूम देण्याचे कामही प्रामुख्याने एकच थ्रेड करत असे. विहिरीवर मोट एकच असेल तर धावेच्या कडेला आणखी तीन बैलजोड्या उभ्या करून पाणी वाढत नाही. या गेमना एक कोअर किती वेगाने काम उरकतो एवढेच महत्त्वाचे. बाकीचे कोअर विंडोज, अँटिव्हायरस आणि मागे उघडा राहिलेला क्रोम सांभाळतात.

एका कोअरचा वेग म्हणजे नुसते गिगाहर्ट्झ नव्हे. पेंटियम ४ २००४ मध्ये ३.८ गिगाहर्ट्झपर्यंत गेला होता. २००६ च्या जुलैत आलेल्या २.४ गिगाहर्ट्झच्या कोअर २ ड्युओ ई६६०० ने त्याला सहज मागे टाकले, कारण घड्याळाच्या एका ठोक्यात तो जास्त काम करत होता. एएमडीचा २०१२ चा एफएक्स-८३५० आठ कोअरचा आणि ४ गिगाहर्ट्झचा. तरीही एका थ्रेडवर चालणाऱ्या गेममध्ये त्याच वर्षीचा दोन कोअरचा आय३-३२२० त्याच्या पुढे असे. म्हणून आधी पिढी बघायची. त्याच पिढीत निवड करताना टर्बोसकट कमाल वेग बघायचा. कोअरची संख्या त्यानंतर.

नव्या-जुन्या मालात रोज दिसणारे उदाहरण घ्या. २०१७ च्या जानेवारीत आलेले दोन प्रोसेसर, आय३-७१०० आणि आय५-७४००. आय३ ला कोअर दोन, पण तो सतत ३.९ वर चालतो. आय५ ला कोअर चार, पण त्याची कमाल धाव ३.५. जुन्या गेमसाठी स्वस्त आय३ सरस ठरतो, आणि आपण मात्र 'आय५ आहे' म्हणून दोन हजार जास्त लावतो. तोच आय५ ७५०० असेल तर टर्बोत ३.८ पर्यंत जातो. मग फरक नावापुरता उरतो, आणि फॉर्म भरताना दहा टॅब उघडणाऱ्याला मी चार कोअरच देईन. उलट आठव्या पिढीचा आय५-८४०० कागदावर २.८ चा दिसतो म्हणून गिऱ्हाईक नाक मुरडते. एका थ्रेडच्या कामाला तो ४.० वर जातो. बेस वेग वाचून त्याला नाकारणे ही चूक होईल.

सर्वात जास्त फसगत नंबराच्या शेवटी असलेल्या 'टी' अक्षराने होते. ऑफिसमधून येणारी पुस्तकाएवढी मिनी मशीन दिसायला छान, वीजही कमी खातात. पण त्यांत बहुधा ३५ वॅटचा 'टी' प्रोसेसर असतो. आय५-६५०० टर्बोत ३.६ पर्यंत जातो, तर आय५-६५००टी ३.१ ला थांबतो. स्टिकर दोन्हींवर एकच. शेवटी 'एफ' असेल तर आतले ग्राफिक्स नसते आणि वेगळ्या कार्डाशिवाय स्क्रीनवर काहीच येणार नाही. ते कार्ड ऑफिसच्या मशीनमध्ये बसवायचे तर एसएमपीएसला जादा कनेक्टर आहे का, कॅबिनेट बारीक तर नाही, हे सौदा ठरण्याआधी उघडून बघा.

नरसीच्या वाचकांना सुचवलेला 'आय७' पहिल्या पिढीचा, म्हणजे २००९ च्या सुमाराचा असेल तर एका कोअरच्या वेगात तो वरच्या आय३-७१०० च्या बराच मागे पडतो. जुन्या सर्व्हरमधून काढलेला आठ कोअरचा झिऑन ई५-२६७० व्हिडिओ रेंडर करणाऱ्याला उपयोगी पडेल. गेममध्ये त्याची धाव ३.३ पर्यंत आणि पिढी २०१२ ची. वर ११५ वॅटची उष्णता. नव्या डब्यातला सेलेरॉन एन४०२० तर २०१३ च्या डेस्कटॉप आय३ लाही एका कोअरवर गाठू शकत नाही, मग त्यात विंडोज ११ का असेना.

प्रत्येक जुन्या गेमला वेगवान प्रोसेसर लागतो असेही नाही. व्हाइस सिटी पीसीवर २००३ मध्ये आला तेव्हा त्याची किमान मागणी ८०० मेगाहर्ट्झचा पेंटियम ३ एवढीच होती. वरच्या यादीतला कुठलाही प्रोसेसर तो चालवेल. सॅन अँड्रियासमध्ये फ्रेम लिमिटर काढून वेग वाढवला तर गाडीचे वागणे आणि पोहणे बिघडते. तिथे जादा ताकद विकणे म्हणजे गिऱ्हाइकाचे पैसे वाया घालवणे. कस लागतो तो फ्लाइट सिम्युलेटर एक्समध्ये, २००७ च्या क्रायसिसमध्ये, टोटल वॉरच्या मोठ्या लढायांत आणि प्लेस्टेशन २ च्या एम्युलेटरमध्ये. एज ऑफ एम्पायर्स २ लॅनवर खेळणाऱ्यांसाठी एक वेगळी सूचना: हा गेम सर्व मशीनवर एकच हिशेब पावलाला पाऊल लावून चालवतो, त्यामुळे एक मशीन मंद असेल तर सगळ्यांचा खेळ मंदावतो. पाच मशीनच्या ऑर्डरमध्ये चार चांगली आणि एक कसेबसे देऊ नका.

तक्रार घेऊन आलेले गिऱ्हाईक टास्क मॅनेजर दाखवते आणि म्हणते, 'सीपीयू तर २५ टक्केच चालतोय, मग गेम अडकतो कशाला?' चार थ्रेडच्या प्रोसेसरवर एक थ्रेड पूर्ण भरला की आकडा २५ च दिसणार. आलेखावर राइट क्लिक करून लॉजिकल प्रोसेसर वेगवेगळे केले तरी चित्र स्पष्ट होईलच असे नाही, कारण विंडोज तो थ्रेड या कोअरवरून त्या कोअरवर फिरवत राहते आणि चारही रेषा अर्ध्यामुर्ध्या दिसतात. खात्रीची परीक्षा साधी आहे. गेमचे रिझोल्यूशन खाली आणा. फ्रेम वाढल्या तर कार्ड अपुरे आहे. फ्रेम तेवढ्याच राहिल्या तर अडचण बहुधा प्रोसेसरपाशी आहे. मात्र नवा प्रोसेसर सुचवण्याआधी हीटसिंक काढा. मराठवाड्याच्या मे महिन्यात वाळून खडू झालेली पेस्ट आणि पंख्यात बसलेली धूळ चांगल्या प्रोसेसरचाही वेग खाली आणते. पेस्ट बदलून भागत असेल तर तेवढेच पैसे घ्यावेत.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार संपला. विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढे चालते, त्यामुळे कंपन्यांनी बदललेल्या सहाव्या-सातव्या पिढीच्या मशीनचे लॉट बाजारात येत आहेत. फक्त गेमसाठी ती उत्तम आहेत. ज्या मशीनवर लोकांचे आधार क्रमांक आणि बँक खाती उघडली जातात तिथे मी ती देणार नाही. विंडोज ११ वर जाताना हेही सांगून ठेवा की सोळा बिटचे जुने इन्स्टॉलर त्यावर चालत नाहीत आणि सेफडिस्कचे कुलूप असलेल्या सीडी विंडोज १० पासूनच बंद आहेत. तो दोष प्रोसेसरचा नाही.

नरसीच्या वाचकांना उत्तर असे. गिऱ्हाईक दिवसा फॉर्म भरणार असल्याने आठव्या पिढीच्या खाली उतरू नका. पूर्ण आकाराच्या किंवा एसएफएफ कॅबिनेटमधला आय५-८५०० किंवा आय३-९१०० शोधा, दोन्ही चारच्या पुढे धावतात. रॅम ८ जीबीची एक पट्टी न घेता चारच्या दोन घ्या, आतल्या ग्राफिक्सला त्याचा थेट फायदा होतो. पुढे कधी बजेट वाढून नव्या मशीनचा विचार झाला तर २०२२ चा आय३-१२१०० बघा. तो ४.३ पर्यंत जातो आणि एका कोअरवर दुसऱ्या पिढीच्या आय५-२४०० च्या दुपटीच्या आसपास काम करतो. आणि दोन्ही दुकानांत परत जाऊन कोटेशनवर पूर्ण नंबर, शेवटच्या अक्षरासकट, लिहून मागा. जो लिहून देईल त्याच्याकडून माल घ्या.