नऊला दिवा मालवा, पण शनिवारी नको



मुलांच्या खोलीतला दिवा रात्री नऊला मालवावा, असं सांगणारं महाडच्या एका पालकांचं पत्र वाचलं. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ ते बारा तास झोप हवी, हे कबूल. पण त्यांनी पुस्तक आणि मोबाइल एकाच दावणीला बांधले, ते पटलं नाही. पुस्तकातलं प्रकरण कुठेतरी संपतं. मोबाइल संपतच नाही.

आमच्या पोलादपुरात पावसाळ्यात वीज गेली की आई कंदील विझवायची आणि मी पांघरुणात बॅटरी पेटवायचो. फुरसुंगीचा बनेश फेणे, म्हणजे भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे, मला तिथेच भेटला. (आईला सगळं ठाऊक होतं, बॅटरीचे सेल तीच आणायची.)

सकाळी लवकर उठायचं म्हणाल, तर चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असं शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्येच सांगितलं आहे. शिवाय शनिवारनंतर रविवारची सुट्टी असतेच, मे महिन्याची सुट्टीही असते. बाबासाहेबांनी १९२७ साली चवदार तळ्याचं पाणी प्यायलं ते याच महाडात, आणि पुढे दादरला राजगृह बांधलं ते पुस्तकं मावावीत म्हणून. त्या महाडात वाचणाऱ्या पोराचा दिवा शनिवारीही विझवायचा?

– एक वाचक, पोलादपूर