औषधाचं रिकामं डबडं घरात नको

सोयाबीन काढणीच्या दिवसांत बांधावर चहा येतो तो कॅरीबॅगमध्ये. उकळता चहा, पातळ पिशवी, वरून गाठ. मीही तो कैकदा प्यालो आहे. त्यामुळे हे लिहिणे कुणाला नावे ठेवण्यासाठी नाही.

शेजाऱ्याने उसात टू-फोर-डी मारले आणि वाऱ्याने त्याचे तुषार आपल्या कपाशीवर आले, की काय होते ते आपण पाहिले आहे. पाने भेंडीसारखी होतात. झाड मरत नाही, पण त्याची वाढ बिघडते, कारण ते औषध झाडाच्या संप्रेरकाची, म्हणजे हार्मोनची, नक्कल करते. मात्रा अगदी थोडी, नुकसान मोठे.

प्लास्टिकमधली काही रसायने माणसाच्या शरीरात असाच घोळ घालतात. पीव्हीसी मऊ करायला थॅलेट वापरतात, तर पॉलिकार्बोनेटच्या कडक, पारदर्शक जारमध्ये बिस्फेनॉल-ए असते. उष्णतेने ती जास्त झिरपतात. कोवळ्या रोपाप्रमाणेच पोटातल्या गर्भाला आणि तान्ह्या बाळाला याचा धोका अधिक. म्हणूनच युरोपने २०११ साली दुधाच्या बाटल्यांत बिस्फेनॉल-एला बंदी केली आणि आपल्या भारतीय मानकातही २०१५ साली ते वगळले.

आपल्याकडे याहून वाईट सवय आहे. फवारणीच्या औषधाचे रिकामे कॅन धुऊन त्यात तेल, डिझेल, कधी पिण्याचे पाणीही भरतात. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले. अशा टंचाईत दारापुढचे निळे टिपाड आधी कशाचे होते, हे कोण विचारणार? दोष बायाबापड्यांचा नाही. पण कॅन कितीही धुतला तरी प्लास्टिकात मुरलेले औषध पुरते निघत नाही. १९७१ च्या कीटकनाशक नियमांनुसार असे डबे फोडून वस्तीपासून दूर पुरायचे असतात. गावात ते भंगारवाल्याकडे किंवा न्हाणीघरात जातात.

तेव्हा शेतकरी बंधूंनो, कॅन तीनदा विसळा, ते पाणी पंपातच ओता आणि कॅनला भोक पाडा. चहाला स्टीलची किटली, पाण्याला घागर ठेवा. ग्रामपंचायतीने रिकामे डबे गोळा करण्याची जागा ठरवावी, टंचाईत टिपाडे वाटताना ती नवी व खाद्यपदार्थासाठीची आहेत हे पाहावे. कॅरीबॅगबंदी २०१८ पासून कागदावर आहेच. ती बांधापर्यंत न्यावी.

पीक बिघडले तर पुढच्या हंगामात दुसरे घेता येते. लेकराचे तसे नसते.