जुलाबात मीठ-साखरेचे पाणी का? उत्तर एका प्रथिनात आहे

“डॉक्टर, जुलाब थांबत नाहीत. एखादे स्ट्राँग अँटिबायोटिक द्या, नाहीतर सलाईन लावा.” पावसाळ्यात हे मी नेहमी ऐकतो. ओआरएस लिहून दिले की नातेवाइकांचा चेहरा पडतो. नुसते मीठ-साखरेचे पाणी?

याचे उत्तर कॉलऱ्याने दिले आहे. कॉलऱ्याचा जंतू आतड्याची भिंत पोखरत नाही. तरीही काही तासांत रुग्णाच्या शरीरातले पाणी धोकादायक कमी होते. कसे? १९५९ मध्ये कोलकात्याच्या डॉ. शंभुनाथ डे यांनी जंतू वाढवलेला द्रव गाळून, जंतू काढून टाकून, सशाच्या आतड्यात सोडला. जंतू नसतानाही आतडे पाण्याने फुगले. म्हणजे गुन्हेगार होते जंतूने सोडलेले विष.

ते विष शुद्ध करून तपासले, तेव्हा ते एक प्रथिन निघाले. त्याचे पाच सारखे भाग पेशीला चिकटतात आणि उरलेला भाग आत शिरून क्षार बाहेर सोडणारा नळ उघडाच ठेवतो. क्षारामागे पाणी वाहत जाते. मात्र साखर आणि सोडियम एकत्र आत घेणारे पेशीचे दार शाबूत राहते. ओआरएस याच दाराने आत जाते, पाणीही सोबत नेते.

१९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत सलाईन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी हेच पाणी पाजले. मृत्यूंचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आले.

म्हणून माझे स्पष्ट मत आहे: जंतू कसा मारायचा, एवढेच विचारून भागत नाही. तो शरीरात नेमके काय करतो, हेही विचारले पाहिजे. तीव्र कॉलऱ्यात अँटिबायोटिकचा उपयोग होतो, पण गेलेले पाणी ते भरून देत नाही. आणि बरेच जुलाब विषाणूंमुळे होतात, तिथे अँटिबायोटिक निरुपयोगीच.

पाकिटावर लिहिले आहे तेवढ्याच पाण्यात पूर्ण पाकीट मिसळा, घोट घोट पाजत राहा. उलट्या थांबत नसतील, लघवी बंद झाली असेल, रुग्ण गुंगीत असेल किंवा शौचातून रक्त जात असेल, तर मात्र लगेच रुग्णालय गाठा. तेव्हा सलाईन लागले तर मीच लावायला सांगेन.