बुडालेल्याचा हिशेब मांडू नये

मननासाठी : योना अध्याय १, तोबीत अध्याय २, लूक १३:१-५, लूक १५:१-७



नोव्हेंबर हा आपल्या ख्रिस्तसभेत मृतांसाठी प्रार्थना करण्याचा महिना. २ तारखेला आपण कबरस्थानात गेलो, मेणबत्त्या लावल्या, फादरांनी कबरींवर पवित्र पाणी शिंपडले. पण आपल्याच जिल्ह्यात अशी घरे आहेत, जिथे माणूस गेला हे ठाऊक आहे आणि त्याचा देह मात्र घरी आला नाही. आज आम्ही त्या घरांसाठी प्रार्थना मागणार आहोत. पण त्याआधी त्यांच्याविषयी जे बोलले गेले, लिहिले गेले, फोनवरून पुढे ढकलले गेले, त्याबद्दल स्पष्ट बोलणे भाग आहे.

१६ जुलै २०२४ च्या सकाळी अंकोला तालुक्यातल्या शिरूर इथे राष्ट्रीय महामार्ग ६६ वर डोंगर कोसळला. रस्त्याकडेचे चहा-जेवणाचे छोटे हॉटेल आणि ते चालवणारे अख्खे कुटुंब, नवरा-बायको आणि दोन मुले, मातीखाली गेले. थांबलेल्या गाड्या माती-दगडांसह गंगावळी नदीत ढकलल्या गेल्या. नदीचे पाणी असे उसळले की पलीकडच्या काठावरच्या उळुवरे गावातली घरेही मोडली. एकूण ११ जण गेले. त्यात केरळच्या कोझिकोडचा एक लॉरीचालक होता, लाकूड भरून घरी निघालेला. नौदलाचे पाणबुडे, लष्कराचे जवान, सोनार, रडार, मलपेचे धाडसी पाणबुडे ईश्वर मलपे, शेवटी गोव्याहून आणलेला ड्रेजर, इतके सगळे लागले. नदीचा ओढ इतका होता की मध्ये शोध थांबवावा लागला. २५ सप्टेंबरला, ७२व्या दिवशी, लॉरीची केबिन वर आली आणि त्या तरुणाचा देह त्याच्या घरी गेला. इथल्याच दोघांचा शोध मात्र लागला नाही.

आता त्या दिवसांतले बोलणे आठवा. "एका ड्रायव्हरसाठी इतके कोटी?" हे एक. "केरळचा होता म्हणून एवढी धावपळ, आमच्या माणसांना कोण विचारतो?" हे दुसरे. "एवढ्या पावसात डोंगराखाली गाडी लावलीच कशाला?" हे तिसरे. आणि चौथे म्हणजे नुसता तमाशा. दिवसभर कॅमेरे नदीवर रोखलेले, खाली लोकांच्या पैजा : जिवंत आहे की नाही. दुःखाने दोन शब्द बोलणाऱ्या त्या घरच्या लोकांनाही शिव्या खाव्या लागल्या, इतक्या की त्यांना पोलिसांकडे जावे लागले.

हे काही आपल्याकडेच घडते असे नाही. आदल्याच वर्षी सगळ्या जगाने हेच केले. १८ जून २०२३ ला उत्तर अटलांटिक महासागरात टायटन नावाची छोटी पाणबुडी पाच माणसांना घेऊन टायटॅनिक जहाजाचे अवशेष पाहायला खाली गेली. खोली सुमारे ३,८०० मीटर. पावणेदोन तासांनी संपर्क तुटला. आत ९६ तासांचा प्राणवायू आहे असे जाहीर झाले आणि दूरचित्रवाणीवर उलटी मोजणी सुरू झाली. एका जागेचे तिकीट अडीच लाख डॉलर होते, त्यामुळे लोकांना दयेची गरज वाटेना. पाणबुडी व्हिडिओ गेमच्या कंट्रोलरने चालते यावर विनोद झाले, श्रीमंतांची जिरली म्हणून गाणी झाली. २२ जूनला टायटॅनिकजवळ समुद्रतळाशी तिचे तुकडे सापडले. पाण्याच्या दाबाने तिचे कवच चिरडले गेले होते, आणि अमेरिकन नौदलाच्या यंत्रांनी तसा आवाज १८ तारखेलाच टिपला होता. म्हणजे चार दिवस लोक मेलेल्या माणसांवर हसत होते. त्या पाचांत १९ वर्षांचा एक मुलगा होता, आपल्या बापासोबत गेलेला.

आमचे म्हणणे सरळ आहे. बुडालेल्या माणसाची लायकी तपासणे हे ख्रिस्ती माणसाचे काम नाही. आधी शोध, मग जाब. आणि जाब विचारायचा तो जिवंत जबाबदारांना, पाण्याखाली असलेल्याला नव्हे.

"त्याने स्वतःच ओढवून घेतले" असे म्हणणाऱ्यांनी योनाचे पुस्तक उघडावे. आपण धर्मशिक्षणाच्या वर्गात मुलांना मासा दाखवतो आणि पुढे जातो, खलाशांकडे कोणी पाहत नाही. वादळ योनामुळे आले होते. चिठ्ठ्या टाकल्या, त्याचे नाव निघाले, त्याने स्वतः कबूल केले आणि मला समुद्रात फेका असेही सांगितले. म्हणजे दोषी सापडला होता, कबुली होती, शिक्षाही त्यानेच सुचवली होती. तरी ते परक्या देवांना भजणारे खलाशी काय करतात? वल्ही हाती घेतात आणि त्याला घेऊन किनारा गाठण्याची पराकाष्ठा करतात. ज्याच्यामुळे आपण मरणार, त्यालाच वाचवायला ते आधी वल्ही मारतात. काहीच चालेना तेव्हा परमेश्वराची क्षमा मागून त्याला पाण्यात सोडतात. बाप्तिस्मा घेतलेल्या आपल्याला त्या खलाशांइतकेही जमू नये?

ज्यांचे पोट समुद्रावर आहे त्यांना हे शिकवावे लागत नाही. डिसेंबर २०१८ मध्ये मलपेहून निघालेली 'सुवर्ण त्रिभुज' ही मासेमारी बोट सात जणांसह नाहीशी झाली. त्या सातांत पाच जण आपल्या उत्तर कन्नडचे होते. पुढच्या जानेवारीत हजारो मच्छीमार मासेमारी बंद ठेवून उडुपीजवळ महामार्गावर उतरले. मागणी एकच : आमची माणसे शोधा. मे २०१९ मध्ये नौदलाला मालवणच्या समुद्रात तळाशी त्या बोटीचे अवशेष सापडले. ती सात माणसे कुठल्या जातीची, कुठल्या धर्माची, चूक कोणाची, हे त्या गर्दीने आधी विचारले नाही.

आपल्या जोयड्यातही तीच रीत आहे. रानात गेलेला माणूस दिवेलागणीपर्यंत परतला नाही तर वाडीतले लोक बॅटऱ्या घेऊन निघतात. तो भांडून गेला होता की पिऊन गेला होता, हे सापडल्यावर. ही आपली जुनी, शहाणी रीत हातात फोन आल्यावर का विसरायची?

दुसरा मुद्दा शिक्षेचा. "देवाने दाखवले" हे शब्द आमच्या कानावर आले आहेत, आणि चर्चच्या पायऱ्यांवर आले आहेत. शिलोहातला बुरूज पडून १८ माणसे मेली, ती काय यरुशलेमेतल्या इतरांपेक्षा जास्त पापी होती? हा प्रश्न खुद्द प्रभू येशूने विचारला आणि उत्तरही त्यानेच दिले : नाही. वर ऐकणाऱ्यांनाच सांगितले, तुम्ही पश्चात्ताप करा. दुर्घटनेचे बोट प्रभूने मेलेल्यांकडून काढून जिवंतांकडे वळवले. आपण ते पुन्हा मेलेल्यांकडे वळवतो.

काही जण म्हणतील, शुभवर्तमान तर धनवानांना खडसावते, मग टायटनमधल्या श्रीमंतांवर हसलो तर बिघडले काय? लाजराला दारात उपाशी ठेवणारा तो धनवान आठवा. तो अधोलोकात यातना भोगतो, हे खरे. पण तिथे अब्राहाम त्याला कोणत्या शब्दाने हाक मारतो? 'मुला' म्हणून. न्याय बदलत नाही, पण नातेही तुटत नाही. जिवंत श्रीमंतापुढे मान तुकवायची आणि मेलेल्या श्रीमंताला टोमणे मारायचे, याला धार्मिकता म्हणत नाहीत. जिवंतपणी प्रश्न विचारायला धैर्य लागते. टायटनच्या कंपनीला ते धैर्य दाखवणारे लोक होते. २०१८ मध्येच या क्षेत्रातल्या जाणकारांनी पत्र लिहून धोका सांगितला होता, आणि सुरक्षेबद्दल बोलणाऱ्या तिथल्याच एका अधिकाऱ्याला नोकरी गमवावी लागली होती. त्यांचे ऐकले गेले असते तर पाच जीव वाचले असते. विनोदांनी कोणाचा जीव वाचला?

आता त्या खर्चाच्या हिशेबाकडे येऊ, कारण तो हिशेब चांगली माणसेही मांडतात. एका माणसासाठी इतके कोटी, ही बेरीज-वजाबाकी पवित्र शास्त्रात आहे बरे का. ती कयफाच्या तोंडी आहे. सगळ्या राष्ट्राच्या नाशापेक्षा एका माणसाने मरावे हे बरे, असा सल्ला त्याने दिला आणि त्यातून प्रभूला क्रुसावर जावे लागले. दुसरा हिशेब मेंढपाळाचा. तो ९९ मेंढरे रानात ठेवून एकाच्या मागे जातो, आणि सापडले की खांद्यावर घेऊन आनंद करतो. कयफाचा हिशेब पटतो की मेंढपाळाचा, एवढे ज्याने त्याने ठरवावे.

यात एक गोष्ट मात्र खरी आहे आणि ती आम्ही नाकारत नाही. शोधात भेदभाव होतो. टायटन बुडण्याच्या चारच दिवस आधी, १४ जून २०२३ ला, ग्रीसच्या पायलोसजवळ स्थलांतरितांनी खच्चून भरलेली मासेमारी बोट उलटली. तिच्यावर सुमारे ७५० माणसे असावीत असा अंदाज होता. वाचली १०४. त्यांच्यासाठी कोणी उलटी मोजणी लावली नाही. शिरूरमध्येही एका नावासाठी कॅमेरे आले, इथल्या दोन नावांसाठी फारसे आले नाहीत. राग यावा अशीच ही गोष्ट आहे. पण त्या रागातून मागणी कोणती निघते ते बघा. "त्याच्यासाठी कमी करा" अशी निघाली तर तो मत्सर. "यांच्यासाठीही तितकेच करा" अशी निघाली तरच तो न्याय. मेंढपाळ एका मेंढरामागे गेला म्हणून दुसऱ्या हरवलेल्या मेंढराने तक्रार करायची ती "त्याला का शोधले" अशी नव्हे, "मलाही शोध" अशी. केरळच्या लोकांनी आपल्या माणसाचा हट्ट सोडला नाही. त्या हट्टाचा हेवा करण्यापेक्षा आपल्या दोघांसाठी तसा हट्ट आपण धरायला हवा होता.

"पण जिवंत नाही हे कळल्यावर शोध कशाला?" याचे उत्तर तोबीत देतो. आपला एक माणूस मारून बाजारात टाकला आहे हे ऐकताच तोबीत सणाच्या दिवशी भरल्या ताटावरून उठला, तो देह आणला आणि सूर्य मावळल्यावर पुरला. शेजारी काय करत होते? हसत होते. याच कामासाठी एकदा याला पळून जावे लागले, तरी हा शहाणा होत नाही, म्हणून हसत होते. मृतांना मूठमाती देणे हे शरीरविषयक दयेच्या सात कृत्यांपैकी एक आहे, हे आपण मुलांकडून पाठ करून घेतो. नदी उपसणे हे त्याच कृत्याचे मोठे रूप होते. ड्रेजर चालवणाऱ्याला ठाऊक असो वा नसो, तो तोबीताचे काम करत होता. आणि काठावर बसून पैजा लावणारे तोबीताचे शेजारी होते.

जाब जरूर विचारावा. रस्ता रुंद करताना डोंगर कसा कापला, पावसाळ्याआधी कोणी पाहणी केली, धोक्याच्या जागी गाड्या थांबू कशा दिल्या, हे प्रश्न आपल्या अणशी घाटातून जाणाऱ्या प्रत्येक बसमधल्या माणसाचे आहेत. ते ग्रामपंचायतीत विचारा, आमदारांना विचारा, लेखी विचारा. मृताच्या आईच्या फोटोखाली विचारू नका.

या महिन्यात तीन गोष्टी कराव्यात अशी आमची विनंती आहे. दुर्घटनेची बातमी आली की पुढे पाठवण्याआधी मृतांसाठी एक 'हे आमच्या स्वर्गातील बापा' म्हणावे. घरच्या जपमाळेत ज्यांचा देह मिळाला नाही त्यांचा एक दशक ठेवावा, आणि शिरूरचे ते दोघे त्यात असावेत. आणि मुलांच्या हाती असा विनोद दिसला तर रागावण्याआधी एकच विचारावे : त्या पाण्याखाली आपले बाबा असते तर?

हे प्रभू येशू, तूही तीन दिवस भूमीच्या पोटात होतास. नदीत, समुद्रात आणि मातीखाली राहिलेल्यांची जागा तुला ठाऊक आहे. त्यांना अनंतकाळची शांती दे, त्यांच्या घरच्यांना धीर दे, जे त्यांना शोधायला खाली उतरले त्यांच्या हातांना आशीर्वाद दे. आणि काठावर उभ्या असलेल्या आमच्या जिभेला आवर घाल. आमेन.